बघ्यांवाचून नाच

ज्यात नाचणारे आणि बघणारे वेगळे नसतात ते सामाजिक नृत्य. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, साल्सा हे त्याचे परदेशी प्रकार. फुगडी, तारपा, गरबा हे इकडचे. कथकला किंवा लावणीला समोर कोणीतरी बसलेले लागते, बॉलरूमला लागत नाही. सभागृहातल्या खुर्च्या ओस पडल्या आणि सगळेच फरशीवर उतरले, तर कार्यक्रम फसला असे कोणी म्हणत नाही. रंगला असेच म्हणतात. इथेच एक जुना प्रश्न उभा राहतो. देवापुढचा नाच ही उपासना, रंगमंचावरचा नाच ही कला. मग कोणाला दाखवण्यासाठी नसलेला, केवळ आपल्या आनंदासाठी आणि तोही दुसऱ्याचा हात धरून केलेला नाच धर्माच्या खतावणीत कोणत्या खात्यावर मांडायचा?

छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीत या प्रश्नाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. शहरामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी, पश्चिमेला देवगिरी, तिच्यापुढे खुलताबाद आणि वेरूळ, दक्षिणेला गोदाकाठचे पैठण, अशी ही ठिकाणे आहेत. बॉलरूमची पावले या भागात फार उशिरा आली; प्रश्न मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा.

प्रश्न प्रथम नीट विचारला तो नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात. ऋषी भरताला म्हणतात, अभिनय अर्थ पोचवतो हे समजले. पण नृत्त गीताचा अर्थ सांगत नाही, कथाही सांगत नाही, मग ते निर्माण तरी कशाला केले? भरताचे उत्तर साधे आहे. नृत्त कशावरही अवलंबून नाही. ते शोभा आणते, लोकांना ते स्वभावतःच आवडते आणि ते मंगल आहे. म्हणून विवाहात, अपत्यजन्मात, उत्सवात त्याची योजना केली. या यादीतल्या ‘आवाह’ या शब्दाचा अर्थ जावयाचे घरी येणे असा लावतात. जावई आला की नाचावे, ही शास्त्राज्ञा मराठी सासुरवाडीच्या कानावर अजून गेलेली दिसत नाही.

पण भरताचा ग्रंथ अखेर रंगभूमीचा आहे, आणि रंगभूमीत रस हा प्रेक्षकाचा हक्क. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हे फार स्पष्ट करून ठेवले. नट हे रस चाखण्याचे साधन, म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात. मद्याची चव पिणाऱ्याला कळते, प्याल्याला नाही. हा दृष्टान्त सामाजिक नृत्याला लावून पाहिला की त्यातले वेगळेपण लगेच ध्यानात येते. इथे प्यालाच पितो आहे. काव्यशास्त्राने ज्या दोन भूमिका कसोशीने वेगळ्या ठेवल्या त्या एकाच देहात आल्या की त्या आनंदाला नाव काय द्यायचे, याचे उत्तर रसशास्त्रात सापडत नाही. ते भक्तीत शोधावे लागते.

देवगिरीने या चर्चेत एक सोयीचा शब्द दिला. यादव राजा सिंघण याच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा गृहस्थ हुद्द्याने श्रीकरणाधिपती, म्हणजे राज्याचा हिशेबनीस. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी शेवटचा नर्तनाचा. शार्ङ्गदेवाने संगीताचे मार्ग आणि देशी असे भेद घेतले, आणि देशीचे लक्षण असे केले की त्या त्या देशातल्या लोकांच्या रुचीप्रमाणे त्यांचे मन रिझवते ते देशी. हे लक्षण वाचले की व्हिएन्नातला वॉल्ट्झही देशीच ठरतो. देश तेवढा निराळा. ‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप भूगोलाचा आहे. त्याला धर्माचा आक्षेप समजण्याचे कारण नाही.

धर्माचा आक्षेप निराळा आणि जास्त गंभीर आहे. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला नाच, गाणे आणि वाद्य वर्ज्य सांगते. बौद्ध परंपरेत उपोसथाच्या दिवशी घ्यायच्या अष्टशीलांपैकी सातवे शील नृत्य-गीत-वादनापासून आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे आहे. करणे आणि पाहणे दोन्ही त्यात आले. आता शहरामागच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात जावे. बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर मधोमध एक नर्तकी आहे, कमरेतून वळलेली, अंगाला तिहेरी बाक. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा स्त्रिया वाद्ये घेऊन बसल्या आहेत. शिल्पात एकही पुरुष नाही, बाहेरचा बघ्याही नाही. ज्या भिक्षूंना नाच पाहण्याची मनाई, त्यांच्याच पूजास्थानी हा नाच सहाव्या-सातव्या शतकापासून चाललेला आहे. कोणी तिला तारा मानतात. ती कोणीही असो, शीलाने नाच टाकला तो विषय म्हणून. पूजा म्हणून त्याच नाचाला गाभाऱ्यापर्यंत वाट मिळाली.

म्हणजे आक्षेपाचा रोख देहाच्या हालचालीपेक्षा नजरेवर आहे. मराठीत हे शब्दांतूनही कळते. ‘नाचगाणे’, ‘नाच्या’, ‘थेर’ या शब्दांत बघणाऱ्याची तुच्छता भरलेली आहे, आणि ज्याची करमणूक झाली तोच ती तुच्छता दाखवतो हे विशेष. महाराष्ट्रात २००५ साली डान्सबारवर कायद्याने बंदी आली तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, तसेच क्लब, तिच्यातून वगळले होते. तोच नाच स्वस्त जागी अनीतीचा आणि महाग जागी संस्कृतीचा, हा भेद न्यायालयात टिकला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली.

पाहणे आणि नाचणे यांचा झगडा दर्शनांतही आहे. सांख्यांच्या मते प्रकृती ही नर्तकी आणि पुरुष हा प्रेक्षक. रंगमंचावर स्वतःला दाखवून झाले की नर्तकी थांबते, तशी प्रकृती निवृत्त होते, आणि पाहणारा मोकळा होतो. मोक्ष इथे खुर्चीवर बसलेल्याचा आहे. काश्मीरच्या शिवसूत्रांनी हे रूपक उलटे केले: आत्माच नर्तक, अंतरात्मा हा रंगमंच आणि इंद्रिये हे प्रेक्षक. वेरूळचे शिल्पकार ही सूत्रे वाचून बसले होते असे मुळीच नाही, ती त्यांच्यानंतरची. पण १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांतला शिव खुर्चीवर बसलेला नाही. भोवती वादक आहेत, देव आहेत, आणि जगाचा स्वामी स्वतः पाय उचलून नाचतो आहे. सांख्याचा पुरुष बाजूला उभा राहून मुक्त होतो. हा देव नाचात शिरूनही बांधला जात नाही.

नियमांचा प्रश्न मात्र सर्वांत बारकाईने सोडवला तो खुलताबादच्या सूफी परंपरेने. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले आणि १३३७ साली इथेच दफन झाले. चिश्ती परंपरेत समा, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी केलेले संगीतश्रवण, मान्य. बुऱ्हानुद्दीनांची समामध्ये नाचण्याची ढब इतकी निराळी होती की त्यांच्या साथीदारांना ‘बुऱ्हानी’ हे नावच पडले. नाचावरून संप्रदायाच्या माणसांची ओळख पटावी, असे उदाहरण विरळा.

हा नाच मोकाट नव्हता. सूफींनी समासाठी तीन अटी सांगितल्या: जमान, मकान, इख्वान. वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबत योग्य हवी. नमाजाची किंवा जेवणाची वेळ नको. येण्याजाण्याचा रस्ता नको. आणि सोबतीत ढोंगी नको, केवळ दिखाव्यासाठी अंगात आणणारा नको. इमाम गजालींनी यापुढचाही शिष्टाचार दिला आहे. बसलेल्याने डोके खाली ठेवावे, इतरांकडे बघत राहू नये. पण एखादा खऱ्या भावावस्थेत उठलाच तर सर्वांनी त्याच्यासोबत उठावे. त्याचा फेटा पडला आणि तशी रीत असेल तर इतरांनीही आपले फेटे उतरवावेत. नाचणारा एकटा पडू नये, त्याच्याभोवती बघ्यांचे कोंडाळे होऊ नये, हा त्यामागचा विचार. सामाजिक नृत्याचे इतके सूक्ष्म नीतिशास्त्र बॉलरूमच्या इंग्रजी नियमावल्यांतही मिळणार नाही.

सर्वांना हे पटले असे नाही. संभाजीनगर शहरात पाणचक्कीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर नक्षबंदी होते, आणि नक्षबंदींचा भर मूक जिक्रवर, म्हणजे मनातल्या मनात केलेल्या ईश्वरस्मरणावर. ज्या औरंगजेबाने दरबारातले गायन बंद केले त्याची कबर खुलताबादेत जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. जैनुद्दीन हे बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य आणि वारस. दोघांचे दर्गे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत.

राहिला स्पर्शाचा प्रश्न. बॉलरूमवरचा मुख्य आक्षेप हाच, आणि तो केवळ इकडचा नाही. १८१६ साली लंडनच्या राजदरबारी मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला तेव्हा तिथल्या ‘टाइम्स’ने त्याला अश्लील ठरवून आयाबापांना सावध केले होते. हिंदू परंपरेत हा प्रश्न भागवताच्या दशम स्कंधात परीक्षितीने विचारला. कृष्णाच्या रासाची कथा ऐकून झाल्यावर तो शुकाला म्हणतो, धर्माच्या रक्षणासाठी अवतरलेल्याने परस्त्रियांना स्पर्श कसा केला? शुकाच्या उत्तराचे दोन भाग आहेत. समर्थाला दोष लागत नाही, जसा सर्वभक्षक अग्नीला लागत नाही. इतरांनी मात्र त्याचे अनुकरण मनातही आणू नये. आणि दुसरे, जो सर्वांच्या अंतरी आहे त्याला परके कोण? पहिल्या भागाने सामान्य माणसाच्या रासाला कुलूप घातले. दुसऱ्याने किल्ली तिथेच ठेवून दिली.

ती किल्ली वारकऱ्यांनी उचलली. पैठणच्या एकनाथांनी आणि देहूच्या तुकारामांनी फुगडीवर रचना केल्या. खेळ बायकांचा, अर्थ अध्यात्माचा. वारीच्या वाटेवर पालखी विसावली की फुगडी प्रत्यक्ष चालू होते. दोघे समोरासमोर येतात, हातांची अढी घालून एकमेकांचे हात घट्ट धरतात, पायाला पाय भिडवतात, अंग मागे झोकून देतात आणि गरगर फिरू लागतात. या अवस्थेत तोल कोणाच्याच देहात नसतो, तो दोघांच्या मधल्या हवेत असतो. एकाने हात सोडला तर दोघेही पडणार. वयाचा, जातीचा, ओळखीचा विचार त्या वेळी परवडतच नाही. फेर थांबल्यावर धापा टाकत दोघे एकमेकांच्या पाया पडतात. परीक्षितीला दिलेले दुसरे उत्तर तिथे देहाने दिले जाते: समोरच्यात देव आहे, मग स्पर्श कोणाचा कोणाला?

बॉलरूमची पकड याहून वेगळी आहे. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा उजवा हात जोडीदारणीच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याशी. तिचा डावा हात त्याच्या दंडावर. उरलेले दोन हात एकमेकांत. तीन मात्रांच्या ठेक्यावर तो दिशा देतो, ती घेते, शब्द न बोलता. जोड्या सभागृहभर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. देवळातल्या प्रदक्षिणेला सरावलेल्या माणसाला ही वाट अप्रदक्षिण वाटेल, काबेच्या तवाफाला मात्र ती जुळते. तेव्हा दिशेवरून पापपुण्य ठरवणाऱ्याने सांभाळून बोलावे.

या पकडीवरचा खरा आक्षेप स्पर्शाचा नाही, एकानेच नेण्याचा आणि दुसरीनेच मागे जाण्याचा आहे. फुगडीत नेता नसतो. पालघरच्या वारल्यांच्या तारपा नाचात स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात, आणि ती नेणारा असतो मधला तारपा वाजवणारा. हुकूम सुराचा असतो, जोडीदाराचा नाही. गोव्याच्या मांडोत स्त्री-पुरुष समोरासमोरच्या दोन रांगांत पंखा आणि रुमाल घेऊन नाचतात, स्पर्श जवळजवळ टाळतात. तेव्हा स्त्री-पुरुषांनी मिळून नाचणे परदेशातून आले हे खरे नाही. परदेशातून आली ती बंद पकड, आणि तिच्यातले नेणे-मागे जाणे. आता अनेक ठिकाणी स्त्रियाही नेतात, दोन पुरुषही जोडीने नाचतात, म्हणजे ही रीतही अढळ राहिलेली नाही.

संभाजीनगरात बॉलरूमची पावले आज सर्वांत जास्त कोणाला लागतात, तर लग्न ठरलेल्यांना. वधूवर क्लासला जाऊन पाच-सहा आठवडे वॉल्ट्झचा सराव करतात आणि संगीताच्या रात्री मंगल कार्यालयातल्या स्टेजवर, धुराच्या यंत्रातून सोडलेल्या ढगात, तो करून दाखवतात. समोर दोनशे मोबाइल उभे असतात. मुळात बघ्यांवाचूनचा हा नाच इथे येऊन निव्वळ बघण्याचा झाला. दुसऱ्या दिवशी वरातीत बँड सुरू होतो. ज्याला ठेका कळत नाही, पाऊल येत नाही असा एखादा काका रुमाल दातात धरून मध्ये शिरतो; त्याचा फेटा सुटतो, तो लक्ष देत नाही, आणि बाजूचे चौघे त्याच्यासोबत नाचू लागतात. वरात रस्त्यावरून जाते, म्हणजे मकानची अट मोडली. बाकी दोन्ही अटींत, आणि ढोंग नसण्याच्या कसोटीत, खुलताबादच्या मापाने हा काका उतरतो. स्टेजवरचा वॉल्ट्झ उतरत नाही.