देवाला कोणता अर्थ ऐकू येतो?

इंग्रजीत 'प्रे' असे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ प्रार्थना करणे, दुसऱ्याचा अर्थ वाघाने धरलेली शिकार. लिहिताना तिसऱ्या अक्षराचा तेवढा फरक, एकात 'ए' आणि दुसऱ्यात 'ई'. बोलताना काहीच नाही. वऱ्हाडातल्या अकोटच्या शाळेतले पोर हे उच्चार वहीत देवनागरीत उतरवून घेते, तेव्हा तो एका अक्षराचा फरकही पुसला जातो, कारण देवनागरी कानाला आले तेच लिहिते. अशा जोड्या पुष्कळ. 'सन' म्हणजे सूर्य आणि मुलगाही. 'सोल' म्हणजे आत्मा आणि चपलेचा तळही. 'प्रॉफिट' म्हणजे नफा आणि जवळपास त्याच उच्चारात प्रेषितही. मुले त्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण त्यांच्या तळाशी एक फार जुना प्रश्न आहे. आवाज एक आणि अर्थ दोन असतील, तर प्रार्थना पोचते ती आवाजाने की अर्थाने?

हा प्रश्न कळायला वऱ्हाडी माणसाला इंग्रजीकडे जावेच लागत नाही. त्याच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, फळाचे फय. मग काळा बैल 'काया बैल' होतो, आणि कीर्तनकार ज्या नश्वर देहाबद्दल बोलतो तीही 'काया'च. घराचा माळा 'माया' होतो. आईची माया, वेदान्तातली माया आणि अडगळ ठेवायचा 'माया', तिन्ही एकाच उच्चारात नांदतात. अकोटात उर्दूही कानावर पडते. तिच्यात 'नजर' म्हणजे दृष्टी आणि 'नज्र' म्हणजे श्रद्धेने वाहिलेली भेट. लिपीत दोन्हींचा 'ज' वेगवेगळ्या अक्षरांचा, जिभेवर मात्र ते जवळजवळ एक होतात. तरी कीर्तनात कोणाला बैल आठवत नाही, आणि दर्ग्यात भेट वाहणाऱ्याचा शब्द कोणी चुकीचा समजत नाही.

वेदपरंपरेने मात्र या गोष्टीचा धसका घेतला होता. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला इंद्राने मारले. सुडापोटी त्वष्ट्याने यज्ञात सोम ओतला आणि 'इंद्रशत्रू' वाढो असे म्हटले. स्वर शेवटच्या अक्षरावर चढला असता, तर अर्थ झाला असता 'इंद्राला मारणारा'. तो चढला पहिल्या अक्षरावर, आणि अर्थ झाला 'ज्याला मारणारा इंद्र आहे तो'. त्या यज्ञातून वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. ही कथा तैत्तिरीय संहितेत येते. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे हे सांगताना याच शब्दाचा दाखला दिला. अक्षरे तीच, हेतू स्वच्छ, आणि एका स्वराने बापाची इच्छा उलटी केली.

याच्या समोर भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ ठेवावा. आयुष्य पापात गेलेला हा माणूस मरताना यमदूतांना पाहून घाबरला आणि त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण. विष्णुदूत धावले. त्याला देव नको होता, मुलगा हवा होता. विष्णुदूत यमदूतांना सांगतात की दुसऱ्याचे नाव म्हणून किंवा थट्टेत नाम घेतले, तरी ते काम करते.

दोन्ही कथांत आवाज जिंकतो आणि हेतू बाजूला पडतो. पण एकीत त्यातून नाश होतो, दुसरीत उद्धार. मग केवळ आवाजाला सर्व काही मानता येईल का? येणार नाही. त्वष्ट्याचा शब्द सूत्र म्हणून, वैर साधण्यासाठी वापरला गेला. अजामिळाचा शब्द ही भेदरलेल्या जिवाची हाक होती. उच्चाराइतकेच महत्त्व इथे उच्चाराभोवतीच्या नात्याला आहे.

शास्त्रकारांनी यावर शतकानुशतके वाद घातला. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य, कोणी न घडवलेले. नैयायिकांच्या मते ते संकेताने ठरलेले. 'सैंधव आण' हे शास्त्रग्रंथांतले लाडके उदाहरण. सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडा आणि सैंधव म्हणजे शेंदेलोण. धनी पानावर बसला असेल तर मीठ आणायचे, बाहेर निघाला असेल तर घोडा. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली: संसर्ग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रकरण आणि आणखी काही. राम-लक्ष्मण म्हटले की राम दशरथाचा. राम-अर्जुन म्हटले की तो परशुराम, आणि अर्जुन म्हणजे कार्तवीर्य. 'हरि' शब्दाला तर कोशांत विष्णू, सिंह, घोडा, माकड आणि बेडूक इतके अर्थ आहेत. हरिपाठ म्हणणाऱ्याला यांतला एकच आठवतो.

वऱ्हाडाने या वादात स्वतःचीही भर घातली आहे, आणि तिची दखल पुरेशी घेतली जात नाही. 13व्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवत असेल, तर ती दुसरी आठवणही परंपरेने टाकली नाही. 'वासना' म्हणून नोंदवली. (नेहमीच्या बोलण्यात वासना म्हणजे भलतेच काही, पण पोथीत ती स्मरणाचा वेगळा धागा आहे.) पुढे केशिराजबासांनी स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ लावला. सूत्रे इतकी तोकडी की एकेकाचे अनेक अर्थ निघावेत. म्हणून कोणते वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले हे सांगणारा 'प्रकरणवश' पंथाने जपला. शब्द पवित्र, म्हणून तो जसाच्या तसा ठेवायचा. आणि अर्थ पवित्र, म्हणून प्रसंगही ठेवायचा. या दोन्ही काळज्या एकत्र वाहणे हेच महानुभावांचे मोठेपण.

माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच अंध झाले. ग्रंथ त्यांनी कानाने ऐकले, आणि स्वतःचे लेखन तोंडाने सांगितले. अक्षराच्या रूपावरून शब्द ओळखायची सोय त्यांना नव्हती. शेजारचे शब्द, विषय आणि स्मरण एवढ्यावर त्यांनी वेदान्त आणि भक्ती यांचा मोठा ग्रंथसंभार उभा केला. 'नावंग' नावाची नवी भाषाही त्यांनी रचली. शब्दाचा संकेत माणूस ठरवू शकतो, याचा याहून जिवंत पुरावा वऱ्हाडात दुसरा नसेल.

वऱ्हाडी तोंडात 'वि'चा 'इ' होतो. विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तो, विठ्ठलाचा इठ्ठल. पंढरीला निघालेली अकोटची म्हातारी 'इठ्ठल इठ्ठल' म्हणते, तेव्हा तिच्या शब्दाचे प्रकरण तिच्या जन्मभराच्या वारीत असते, आणि तिची हाक पूर्ण असते. वेदपाठातली स्वरांची शिस्त अमोल आहे. तिच्यामुळेच वेद हजारो वर्षे तोंडी टिकले. पण ती मंत्राची शिस्त आहे. तीच पट्टी लावून त्या म्हातारीचा 'इठ्ठल' अशुद्ध ठरवणाऱ्याला आधी अजामिळाच्या कथेला उत्तर द्यावे लागेल.