न पाठविलेले, न फाडलेले

मुकुंदवाडीत आमच्याकडे रविवारची मिस्सा आटोपल्यावर तरुण मंडळाची मुले सभागृहात रेंगाळतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी अकरावीत शिकणारा एक मुलगा आपला लॅपटॉप घेऊन आमच्यापाशी आला. तो व त्याचे मित्र जो व्हिडिओ गेम खेळतात, त्याच्या फाइली त्याने उघडून पाहिल्या होत्या. त्यांत त्याला एक आख्खे गाव सापडले होते. घरे, पाणवठा, बाजाराचा चौक, दोनचार माणसांची रेकॉर्ड केलेली संभाषणेसुद्धा! खेळ शंभर वेळा खेळला तरी या गावात कधीच पोहोचता येत नाही, कारण तेथे जाणारा रस्ताच ठेवलेला नाही. मुलगा म्हणाला, "फादर, हे गाव गेममध्ये नाही, आणि तरी गेममध्येच आहे."

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना 'असणे' आणि 'नसणे' यांवर आम्ही पुष्कळ पाने वाचली. या मुलाने तोच प्रश्न चहा गार होण्याच्या आत आमच्यापुढे ठेवला.

हे असे का घडते, हे आम्ही त्याच्याकडूनच समजून घेतले. खेळ तयार होण्यास वर्षे लागतात. मुदत जवळ येते, एखादा प्रसंग नीट जमत नाही, तो गाळण्याचे ठरते. परंतु गाळणे म्हणजे पुसणे नव्हे. एका फाइलीवर दुसऱ्या दहा फाइली अवलंबून असू शकतात. एक उचलली तर भलतीकडेच काही कोसळण्याचा धोका, आणि मग सर्व खेळ पुन्हा तपासून पाहण्याचा खर्च. म्हणून त्या प्रसंगाकडे नेणारी आज्ञा तेवढी काढतात, प्रसंग जागच्या जागी राहतो. जुन्या घरात वायरमन नको असलेली वायर भिंत फोडून उपसत बसत नाही, बोर्डापाशी जोड तोडून मोकळा होतो, तसाच हा प्रकार. त्यात वाईट काही नाही. घाईच्या जगात घाईने केलेली ती सोय आहे.

पण कधी कधी अशा बंद खोलीत मुद्दाम काही ठेवलेलेही असते. १९८० साली अटारी या अमेरिकन कंपनीचा 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा खेळ बाजारात आला. त्या काळी ही कंपनी खेळ रचणाऱ्यांची नावे कोठेही छापत नसे. वॉरन रॉबिनेट या रचनाकाराने मग कोणाला न सांगता खेळात एक गुप्त खोली बांधली व तीत आपले नाव लिहून ठेवले. सारा खेळ चार किलोबाइटांचा. या लेखाचे पहिले पानदेखील तेवढ्या जागेत मावणार नाही, इतकी ती जागा तोकडी. तरीही नावापुरती खोली त्याने तीतून काढलीच. पार्श्वभूमीच्याच राखाडी रंगाचा एक ठिपका सापडला तर त्या खोलीची वाट उघडे. सॉल्ट लेक सिटीतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता. दुरुस्ती खर्चाची, म्हणून खोली तशीच राहिली. आणि कंपनीतील एका अधिकाऱ्याने अशा लपविलेल्या गोष्टींना नाव दिले 'ईस्टर एग'! पुनरुत्थानाच्या सणाला मुलांनी शोधून काढावे म्हणून अंगणात दडविलेले अंडे. आज जगभर हाच शब्द रूढ आहे. वापरणाऱ्यांपैकी किती जणांना सण आठवत असेल, कोण जाणे.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना येथे अजिंठा आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथे दान देणाऱ्यांचे लेख आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा अमात्य वराहदेव याचा आहे. परंतु ज्यांनी ती चित्रे रंगविली, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. नाव उरले आहे ते १८१९ साली शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे. दहाव्या लेण्यातील एका चित्रावर त्याने ते खरडले. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता व त्यावर तो उभा होता, म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. रॉबिनेट आणि स्मिथ, दोघांनीही परवानगी घेतली नव्हती. तथापि एकाने स्वतः बांधलेल्या खोलीत नाव लिहिले व दुसऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीवर. दोघांना एकाच पारड्यात घालावयास आम्ही तयार नाही.

असो. ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते निराळे आहे.

'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा खेळ ऑक्टोबर २००४ मध्ये प्रथम विक्रीस आला. सतरा वर्षांवरील मुलांना चालेल असा शिक्का अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाने त्यावर मारला होता. तयार करताना त्यात एक उघड लैंगिक प्रसंग रचलेला होता. मागाहून तो गाळण्याचे ठरले. येथेही फक्त वाट बंद केली गेली, प्रसंग तबकडीवर राहिला. जून २००५ मध्ये नेदरलँड्समधील एका हौशी तंत्रज्ञाने ती वाट उघडणारी छोटी फाइल तयार करून सर्वांना खुली केली. 'रॉकस्टार' या कंपनीने प्रथम सांगितले की, ही बाहेरच्या लोकांनी केलेली मोडतोड आहे. पण त्या तंत्रज्ञाने नवे काही रचले नव्हते. जे होते तेच दाखविले होते. २० जुलै २००५ रोजी मंडळाने खेळाचा शिक्का बदलून 'केवळ प्रौढांसाठी' असा केला आणि मोठमोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरविला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३५५ विरुद्ध २१ मतांनी चौकशीची मागणी केली. पुढे २००६ मध्ये व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, तबकडीवर जे काही आहे त्याची कल्पना वर्गीकरणाच्या वेळी द्यावी लागेल, हे मालक कंपनीला मान्य करावे लागले.

आमच्या तरुण मंडळात यावर वाद रंगला, आणि बहुसंख्य मुले कंपनीच्या बाजूने बोलली! त्यांचे म्हणणे सहज मोडीत काढण्याजोगे नाही. जे दाखविले नाही, त्याचा दोष कसा लावायचा? कुलूप लावलेली खोली कोणी फोडून आत शिरला, तर अपराध फोडणाऱ्याचा. एक मुलगी तर म्हणाली, "फादर, मनात आलेल्या प्रत्येक गोष्टीला आपण जबाबदार धरलो गेलो, तर कोण सुटेल?"

या प्रश्नाचा मान राखला पाहिजे. आमचे प्रवचन तयार होण्यापूर्वी तीनचार कच्चे खर्डे होतात, आणि त्यांपैकी एखादा जर कोणी वेदीवरून वाचून दाखविला तर आम्हांस तोंड लपवावे लागेल. काम करणाऱ्याला चुकीची वाट धरून मागे फिरण्याची मुभा हवीच. शिवाय न वापरलेले सारेच लाजिरवाणे नसते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा जुना खेळ नव्याने घडविण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे होते. २०२० साली त्याची घोषणा झाली, आणि २०२२ साली ते काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे गेले. पुण्यामुंबईच्या मुलामुलींनी त्यावर वर्षे खर्ची घातली होती. त्यांच्या हातचे जे मागे पडले असेल, त्यात कष्टाशिवाय दुसरे काय असणार?

आणि जपानचे एक उदाहरण तर आम्हांस मनापासून आवडले. निंटेंडो या कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता ११ जुलै २०१५ रोजी वारले. तरुणपणी ते स्वतः खेळ लिहीत. १९८४ चा एक गोल्फचा खेळ त्यांच्या हातचा. २०१७ साली कंपनीचे 'स्विच' हे यंत्र बाजारात आले आणि काही महिन्यांनी हौशी लोकांच्या ध्यानात आले की, तो गोल्फचा खेळ यंत्राच्या आत कोणीतरी ठेवलेला आहे. तारीख ११ जुलै असेल, आणि दोन्ही हातांत नियंत्रक धरून इवाता आपल्या कार्यक्रमांतून जशी हातांची खूण करीत तशी कोणी केली, तरच तो उघडे. कंपनीने याचा कधी गवगवा केला नाही, आणि पुढे यंत्रणेच्या नव्या आवृत्तीत तो काढलाही गेला. आपण घराच्या पायात नाणे किंवा पदक ठेवतो, तसेच ते झाले.

मग त्या मुलीला उत्तर काय द्यावे? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार शिकविला गेला होता. वाईट विचारात रमण्याला त्यांच्या भाषेत 'देलेक्तात्सिओ मोरोझा' म्हणतात. लॅटिन शब्दावरून वाटते की, 'पुष्कळ वेळ चाललेला' असा त्याचा अर्थ असावा. संत थॉमस म्हणतात, वेळेचा येथे संबंध नाही. ज्या विचाराला बुद्धीने ताबडतोब घालवून द्यावयास हवे होते, त्याच्यापाशी ती जाणूनबुजून थांबली, हा दोष. विचार येणे निराळे, त्याला बसावयास पाट मांडणे निराळे. वर्गात आम्ही हे पाठ केले व परीक्षेत लिहिलेही. समजले मात्र फार उशिरा, आणि ते कसे समजले हे सांगितल्यावाचून त्या मुलीला दिलेले उत्तर प्रामाणिक होणार नाही.

अनेक वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका खेड्यात आमची नेमणूक होती. तेथील धर्मशिक्षक, ज्यांना सारे गाव मास्तर म्हणे, वयाने आमच्याहून मोठे, मितभाषी. एका सुगीच्या सणाला वेदीपुढे आलेल्या धान्याचा व कोंबड्यांचा लिलाव झाला, आणि हिशेबात ४,३०० रुपये कमी भरले. रक्कम मास्तरांच्या हाती होती. त्या रात्री आम्ही त्यांच्या नावे तीन पानी पत्र लिहिले. सकाळी राग निवळला, म्हणून पाठविले नाही. आठ दिवसांनी ते पैसे आमच्याच टेबलाच्या खणात, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीखाली मिळाले. सणाच्या गर्दीत मास्तरांनी ते आमच्या हाती दिले होते व आम्ही विसरलो होतो.

त्या दिवशी पत्र फाडावयास हवे होते. आम्ही ते जुन्या पत्रव्यवहाराच्या फाइलीत ठेवले. का ठेवले, हे पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. आधी वाटे, आपल्या उतावळेपणाची आठवण राहावी म्हणून. हे खोटे होते. खरे कारण असे की, त्या पत्राची भाषा आम्हांस आवडली होती. वाक्ये धारदार उतरली होती. मधूनमधून फाइल चाळताना ती आम्ही पुन्हा वाचली आहेत. आणि या सर्व काळात 'आपण ते पाठविले नाही' याचे एक समाधानही मनात बाळगून होतो. पाठविले नाही, म्हणजे आपण संयम राखला!

पुढे आमची बदली झाली. फाइल तेथेच राहिली. धर्मगुरुनिवासाला रंग द्यावयाचा म्हणून कपाटे हलविली गेली, त्या कामाला मास्तरांचा मुलगा होता. वरच्या कागदावर त्याला वडिलांचे नाव दिसले.

महिनाभराने मास्तर एसटीने आमच्याकडे आले. पत्र घडी घालून खिशात होते. आम्ही घाईघाईने सांगू लागलो की, पैसे सापडले होते, पत्र कधीच पाठवायचे नव्हते, ते कपाटात चुकून राहिले. कंपनीच्या त्या पहिल्या खुलाशासारखेच ते बोलणे होते, हे आज कळते. चूक जणू कपाट हलविणाऱ्याची! मास्तरांनी सारे ऐकून घेतले.

"फादर," ते म्हणाले, "पाठिवलं असतं तर मला जबाब तरी देता आला असता."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही त्यांच्यावरचा आरोप त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच देवळाच्या कपाटात जपून ठेवला होता, रोज त्यांच्या हातचा चहा घेत होतो, आणि त्या आरोपाचे खंडन करण्याची संधी त्यांना कधी दिली नव्हती. उघड भांडलो असतो तर चार दिवसांत आमची चूक आमच्या पदरात पडली असती. मुलीला आम्ही एवढेच सांगू शकलो की, मनात आलेल्या गोष्टीचा हिशेब कोणी मागत नसेलही, परंतु ती ज्याच्याविषयी आहे त्या माणसाचा विचार करून पाहा. इवातांचा खेळ त्यांच्या विधवा पत्नीला सापडला असता तर? आणि ते पत्र मास्तरांना सापडले, तेव्हा?

तिचे पूर्ण समाधान झाले नाही. ती म्हणाली, "पण फादर, नसतं सापडलं तर?" आम्ही विचार करीत आहोत.

निघताना आम्ही मास्तरांकडे ते पत्र परत मागितले. म्हटले, "द्या मास्तर, आता तरी फाडून टाकतो." त्यांनी खिशावर हात ठेवला.

"माझ्या नावाचं हाय, फादर. माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मग ते शांतपणे उठले, 'जय ख्रिस्त' म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले. काही वर्षांनी ते वारले. पत्राचे काय झाले, हे त्यांच्या मुलाला विचारण्याचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही.