गाडी गेली, नाव राहिलं

जुनी गाडी डीलरला देताना आपलं सगळं लक्ष पैशांवर असतं. पाच-दहा हजारांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस सह्यांची वेळ आली की दोन मिनिटांत मोकळा होतो. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, फुली मारलेल्या जागी सही. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख, दोन्ही कोरं. ‘बिनधास्त राहा साहेब, नाव आम्ही करून घेऊ.’ पैसे खात्यात आलेले असतात, समोर चहा आलेला असतो. अशा वेळी ‘आधी इथे नाव लिहा’ म्हणणं जिवावर येतं. संशय घेतल्यासारखं वाटतं.

डीलर लबाडच असतो असं नाही. गाडी त्याने स्वतःच्या नावावर करून घेतली, तर मालकांच्या यादीत एकाची भर पडते, ‘फर्स्ट ओनर’ गाडी ‘सेकंड ओनर’ होते आणि पुढचं गिऱ्हाईक भाव पाडतं. म्हणून तो मधल्या मध्ये अदृश्य राहतो. गणित चोख आहे, फक्त गाडी पुढे विकली जाईपर्यंतचे सगळे दिवस आपल्या नावावर पडतात. सिग्नल कुणीही तोडो, ई-चलान आपल्याच मोबाइलवर.

चलान परवडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात गाडी हातोहात विकली जात गेली होती, पण आरटीओत नाव मूळ मालकाचंच होतं. अपघातात माणूस गेला. भरपाई कुणी द्यायची? ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक, असं न्यायालयाने ठरवलं. केव्हाच गाडी विकून बसलेल्याला हे अन्यायाचं वाटेल. पण ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत किती उंबरे झिजवायचे? मला तरी निकाल पटतो. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर फेरफाराची घाई घेणाऱ्याला असते. गाडीच्या व्यवहारात ती विकणाऱ्याला असायला हवी, कारण जमीन रस्त्यावर धावत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून नियमांनी एक चांगली वाट काढून दिली आहे. परिवहन खात्याचं अधिकारपत्र असलेल्या डीलरला गाडी देताना दोघांनी मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. पोचक्रमांक मिळाला की डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो आणि पुढच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी त्याची. गाडी त्याला मिरवायलाही नेता येत नाही. गिऱ्हाइकाला चालवून दाखवणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच ती बाहेर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. त्यामुळे आता ‘तुमच्यावर विश्वास ठेवू का?’ असं अवघड काही विचारायची गरज उरली नाही. ‘अधिकारपत्र आहे का?’ एवढं पुरे.

ते नसेल तर घेणाऱ्याच्या नावानिशी भरलेले फॉर्म, तारीख-वेळ घातलेली ताबा पावती आणि या सगळ्याच्या प्रती घरात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, आणि हे काम एजंटाच्या भरवशावर सोडायचं नाही. फास्टॅग त्याच दिवशी बंद करायचा, नाहीतर दुसऱ्याच्या सहलीचा टोल आपण भरतो.

विम्याचे कागद देताना मात्र थोडं थांबावं. पॉलिसी गाडीबरोबर जाते, नो क्लेम बोनस जात नाही; तो माणसाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तो वापरता येतो. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर सूट निम्म्यापर्यंत जाते. पाच हजारांसाठी घासाघीस करणाऱ्याने हे पत्र विसरावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.