भीती नेमकी कशाची?

पॅरिसला एकटीने जायला निघालेल्या मुलीला घरातून, नात्यातून, सोसायटीच्या ग्रुपवरून खूप सल्ले मिळतात. त्यांतला एक हमखास असतो: "गार द्यू नोर स्टेशनच्या बाजूला हॉटेल घेऊ नकोस. तिथे सगळे आफ्रिकन आणि अरब असतात." सांगणाऱ्याला तिची काळजी असते, यात शंका नाही. पण त्या वाक्यात हॉटेलविषयी एक अक्षरही नाही. खोलीचं दार आतून नीट लागतं का, रात्री खाली कोणी जागं असतं का, आग लागली तर उतरायला वाट आहे का, यांतलं काहीच त्यात नाही. आहे तो फक्त माणसांचा रंग. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण आपल्या मुलींना वर्णद्वेष शिकवतो आहोत, आणि जीव ज्याने वाचतो ते शिकवायचं राहून जातं आहे.

२००५ सालच्या एप्रिलमधली एक रात्र यासाठी आठवायला हवी. १४ तारखेची रात्र संपून १५ उजाडायची होती. पॅरिसच्या नवव्या विभागात, ऑपेराच्या नाट्यगृहापासून आणि गालरी लाफायेत या जगप्रसिद्ध दुकानापासून पायी जाण्याच्या अंतरावर, 'पारी-ऑपेरा' नावाच्या स्वस्त हॉटेलला आग लागली. २४ माणसं गेली. त्यांत जवळपास निम्मी मुलं होती. हॉटेलात राहणारी बरीचशी कुटुंबं आफ्रिकेतून आलेली होती. राहायला घर मिळेपर्यंत समाजकल्याण यंत्रणांनी त्यांची तिथे तात्पुरती सोय केली होती. जिन्याची वाट आगीने अडवली आणि वरच्या मजल्यांवरच्या काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या.

नकाशा उघडून 'चांगली वस्ती' शोधणाऱ्याला हे हॉटेल पसंत पडलं असतं. भोवती उंची दुकानं, उजळ रस्ते, पर्यटकांची वर्दळ. वस्ती चांगली होती आणि इमारत जीवघेणी होती. ज्यांच्यापासून लांब राहा असं आपण मुलीला बजावतो, त्याच लोकांची लेकरं त्या इमारतीत गेली. या घटनेनंतर फ्रान्समधल्या लहान हॉटेलांचे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. पण जुन्या पॅरिसातली स्वस्त हॉटेलं आजही बहुधा शे-दीडशे वर्षांच्या अरुंद इमारतींत आहेत. म्हणून हॉटेल निवडताना पहिला प्रश्न जिन्याचा असायला हवा. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? हे ईमेल करून आधी विचारता येतं. उत्तर टाळणारं हॉटेल सोडून द्यावं.

खोलीत पोचल्यावर बॅग उघडण्याआधी दाराच्या मागे लावलेला बाहेर पडण्याच्या मार्गाचा नकाशा वाचावा, आणि ती वाट एकदा चालून यावी. आपल्या खोलीपासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ती मोजावीत, कारण धुरात डोळ्यांना दिसत नाही, पण भिंतीवरून हात फिरवत दारं मोजता येतात. यात पाच मिनिटंही जात नाहीत. मुलाला परदेशी पाठवतानाही हे सांगायला हवं. त्याला तर आपण काहीच सांगत नाही, जणू आग मुलगा-मुलगी पाहून लागते.

हॉटेलच्या पाटीवरचे तारे पाहून निर्धास्त होऊ नये. फ्रान्समध्ये 'आतू फ्राँस' ही सरकारी संस्था हॉटेलांना एक ते पाच तारे देते आणि ते पाच वर्षांसाठी असतात. खोलीचं क्षेत्रफळ, सोयी, सेवा यांवर ते ठरतात. तुमच्या मजल्याचं दार कसं आहे किंवा रात्री गल्लीत काय चालतं, ते तारे सांगत नाहीत. दोन तारे असलेलं, एकाच कुटुंबाने वर्षानुवर्षं चालवलेलं आणि रात्रभर माणूस बसवणारं हॉटेल एकट्या बाईसाठी चार तारे असलेल्या बेफिकीर हॉटेलपेक्षा कितीतरी बरं.

रात्रीच्या माणसाचं महत्त्व आपल्याकडे कोणी सांगत नाही. बऱ्याच स्वस्त हॉटेलांत रात्री रिसेप्शन बंद होतं. बाहेरच्या दाराला आकड्यांचा कोड असतो आणि किल्ली एका पेटीत ठेवलेली असते. मित्रांबरोबर आलेल्यांना हे चालतं. एकट्या प्रवाशाच्या मागोमाग कोणी दारातून आत शिरलं, तर हाक मारायला खाली कोणी नसतं. म्हणून "रात्री अकरानंतर रिसेप्शनवर प्रत्यक्ष कोणी असतं का?" हा दुसरा प्रश्न. त्यासाठी रात्रीला पंधरा-वीस युरो जास्त पडले तरी द्यावेत. घरच्यांनीही ते खळखळ न करता द्यावेत. लग्नाच्या हॉलची नुसती सजावट करायला आपण लाखभर रुपये सहज काढतो. मुलीच्या खोलीचे दीड-दोन हजार आपल्याला महाग वाटू नयेत.

आता गार द्यू नोरविषयी. तिथे धोका नाही असं मी म्हणत नाही. मोठ्या स्टेशनवर खिसेकापू असतात, टॅक्सीच्या रांगेबाहेर गिऱ्हाईक गाठणारे असतात, आणि मोबाईल हिसकावण्याचे प्रकार होतात. शेजारच्या ला शापेल-पाजोल भागातल्या स्त्रियांनी २०१७ मध्ये फुटपाथवर होणाऱ्या त्रासाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली आणि त्यावर फ्रान्सभर वाद पेटला. त्या बायकांचा अनुभव खोटा ठरवायचा मला अधिकार नाही. मात्र त्यांची तक्रार कुठल्या चौकात, कोणत्या वेळी, काय घडतं याविषयी होती. आपला सल्ला सबंध वस्तीला, तिथल्या भाजीवाल्याला, शाळेतून मुलाला आणणाऱ्या आईलाही गुन्हेगार ठरवतो. त्रास कुठे होतो हे जाणून घेणं म्हणजे सावधपणा. माणसाचा चेहरा पाहून त्रास गृहीत धरणं हा निव्वळ दुराग्रह आहे, आणि जातीच्या वस्त्यांवरून माणसं जोखण्याची आपली जुनी सवयच त्यातून बोलते.

याच पाजोल रस्त्यावर श्री माणिक्क विनायकर आलयम हे गणपतीचं देऊळ आहे. श्रीलंकेतल्या यादवी युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या तमिळ लोकांची या भागात मोठी वस्ती झाली आणि १९८५ साली हे देऊळ उभं राहिलं. दर वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास इथून रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात, आणि हजारो फ्रेंच माणसं दुतर्फा उभी राहून तो सोहळा पाहतात. "तिकडे जाऊ नकोस" म्हणताना आपण कोणाकडे बोट दाखवतो आहोत, हे एकदा तरी स्वतःला विचारावं. पुण्यामुंबईहून गेलेली आपली मुलगीही तिथल्या गोऱ्या पर्यटकाच्या नजरेत त्याच 'तसल्या' गर्दीतली एक असते.

मग जागा निवडायची कशी? स्टेशनपासून हॉटेलपर्यंतची वाट पाहून. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी ही लोकल शहराच्या पोटातून दक्षिणेकडे जाते. लुक्साँबूर किंवा दाँफेर-रोशरो या स्टेशनांजवळ हॉटेल घेतलं, तर मध्ये गाडी बदलावी लागत नाही आणि सामान ओढत जिने चढणं कमी होतं. स्टेशन ते हॉटेल ही वाट नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंवर पाऊल-पाऊल पाहावी. उशिरापर्यंत उघडी असणारी किराणा दुकानं, बेकरी, कॅफे त्या वाटेवर आहेत का? निर्मनुष्य उच्चभ्रू गल्लीपेक्षा दुकानांचा गजबजलेला रस्ता एकट्या बाईला जास्त सोबत देतो. मेट्रो साधारण रात्री सव्वा वाजेपर्यंत, शुक्रवारी-शनिवारी सव्वादोनपर्यंत चालते. पेरिफेरिक या वळसा-रस्त्याच्या पलीकडे खोली निम्म्या भाड्यात मिळाली, पण शेवटची गाडी चुकली, तर वाचवलेले सगळे पैसे एका टॅक्सीत जातात आणि वर जिवाला घोर लागतो.

अडचणीच्या वेळी काय करायचं हेही आधी माहीत हवं. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक युरोपीय संघाच्या सर्व देशांत चालतो. खोलीतून सामान चोरीला गेलं तर "आमची जबाबदारी नाही" अशी पाटी दाखवून मालक हात झटकू शकत नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेनुसार त्याची जबाबदारी खोलीच्या रोजच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते, आणि वस्तू त्याच्या हाती रीतसर ठेवायला दिली असेल तर त्या मर्यादेचंही बंधन नसतं. पासपोर्ट काउंटरवर दाखवावा, परदेशी पाहुण्यांसाठीचा अर्ज भरावा आणि पासपोर्ट परत घ्यावा.

पण हे सगळं विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि आपल्या मुलींना नेमकं तेच जड जातं. याचं कारण पॅरिसमध्ये नाही, इथे आहे. आपल्याकडच्या कितीतरी लॉजवर एकटी बाई खोली मागायला गेली की काउंटरवरचा माणूस तिच्यामागे कोण आहे ते पाहतो. "एकट्याच का?" हा प्रश्न चौकशी म्हणून येत नाही, आरोप म्हणून येतो. अशा नजरेखाली वाढलेली मुलगी खोली मिळाली यातच उपकार मानते. कडी तुटलेली असेल तरी ती खोली बदलून मागत नाही. रिसेप्शनवरच्या माणसाने चारचौघांत तिच्या खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला, तर "हळू सांगा, दुसरी खोली द्या" म्हणायचं तिच्या जिभेवर येत नाही. मुलीला वाटेतल्या माणसांना घाबरायला शिकवण्याआधी काउंटरवरच्या माणसाशी ठामपणे बोलायला शिकवा. तो सराव कोल्हापूर-नाशिकच्या लॉजपासून सुरू होतो.

१८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पूर्ण व्हायचं होतं. अमेरिकेला का जाते, एकटी का जाते, तिथे संकट आलं तर काय करशील, हे लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि भर सभेत उत्तरं दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्या दोघींना अडवणारे प्रश्न आजही घराघरांत विचारले जातात, फक्त 'धर्म' हा शब्द जाऊन 'सेफ्टी' हा शब्द आला आहे. संकटाची तयारी हा आनंदीबाईंच्या लेखी निघण्याचा भाग होता. आपण त्याच संकटाचं नाव घेऊन मुलीला घरी बसवतो.

स्वस्त खोलीच्या मागे आणखी काही माणसं उभी असतात, त्यांनाही यात धरायला हवं. पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या 'इबिस' हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बायका २०१९ च्या जुलैमध्ये संपावर गेल्या. बहुतेक जणी आफ्रिकी वंशाच्या आणि कंत्राटदाराच्या नोकरीतल्या होत्या. तासाला किती खोल्या उरकायच्या याचं ओझं आणि तुटपुंजा पगार याविरुद्ध त्या लढत राहिल्या, आणि २०२१ च्या मे महिन्यात समझोता होऊन त्यांचं वेतन आणि कामाच्या अटी सुधारल्या. त्यांच्यातल्या राशेल केके २०२२ मध्ये फ्रान्सच्या संसदेवर निवडून आल्या. दमलेल्या, धास्तावलेल्या, आज इथे तर उद्या तिथे पाठवलेल्या कामगारांच्या जिवावर चाललेल्या हॉटेलात बिघडलेलं कुलूप कोणाच्या लक्षात येणार आणि कोण कळवणार? जिथे रोज तीच बाई खोली झाडायला येते आणि हसून चौकशी करते, तिथे पाहुणीवरही कोणाचं तरी लक्ष असतं. तिला नमस्कार करावा, नाव विचारावं, निघताना टेबलावर दोन-चार युरो ठेवावेत. 'तसल्या' लोकांपासून लांब राहा असं सांगून आपण मुलीला नेमक्या याच बाईपासून तोडतो.

शेवटचं काम परत आल्यावरचं. हॉटेलविषयी चार ओळी नक्की लिहाव्यात, कारण पुढची एकटी मुलगी त्या वाचूनच ठरवणार आहे. मराठीत लिहावं, इंग्रजीतही लिहावं. "वस्ती बरी वाटली नाही" हे तिच्या उपयोगाचं नाही. दाराला आतून कडी होती का, दुसरा जिना सापडला का, रात्री बारा वाजता घंटी वाजवल्यावर कोणी उघडलं आणि किती वेळात, खोली बदलून मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं, हे तारखेसकट लिहावं.