रेसिडेन्सीच्या वाटेने आलेली गादी

नागपूरकर अप्पासाहेब भोसले यांच्याविषयी विदर्भात दोन मते आहेत आणि दोन्ही घट्ट आहेत. काहींच्या लेखी ते चुलतभावाचा जीव घेऊन गादीवर बसलेले राजे आहेत. काहींच्या लेखी सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांना आव्हान देणारे वीर. भंडाऱ्याकडच्या माणसाला या वादात आणखी काही दिसते. भोसल्यांचा उदय वैनगंगेच्या याच खोऱ्याने सोसला आणि अप्पासाहेबांच्या पडण्याची झळही याच खोऱ्याला लागली. दोन्ही वेळा अनर्थाची सुरुवात घरातल्या वारसाच्या भांडणात झाली. अप्पासाहेबांचा पराभव नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर झाला, असे आपण शाळेत शिकतो. माझ्या मते तो त्याआधी दीड वर्ष, एका तहावर शिक्का उमटला तेव्हाच झाला होता.

आधी भोसले इथे आले कसे, ते पाहू. अठराव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. बख्तबुलंद शाहच्या काळात तुमसरजवळ राजा खान पठाणाने आंबागड बांधला, तो आजही उभा आहे. बख्तबुलंदाचा मुलगा चांद सुलतान वारला तेव्हा वलीशाहने गादी बळकावली. चांद सुलतानाच्या राणी रतनकुंवरने आपल्या मुलांचा हक्क राखण्यासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. १७३९ च्या सुमारास रघूजींनी वलीशाहचा निकाल लावला, खऱ्या वारसांना गादीवर बसवले आणि भरघोस मोबदला घेऊन ते परत गेले. पुढे याच वारसांत, अकबरशाह आणि बुऱ्हाणशाह या भावांत, बिनसले. १७४३ मध्ये पुन्हा रघूजींना बोलावणे गेले. या खेपेला ते परत गेले नाहीत. बुऱ्हाणशाहकडे राजा ही पदवी आणि नेमणूक राहिली, राज्य भोसल्यांचे झाले. आंबागड पुढे त्यांचा तुरुंग बनला. तिथल्या विहिरीचे सडलेले पाणी पाजून कैदी मारले जात, असे सांगतात.

भावाभावांच्या वादात लवाद म्हणून आलेला घराचा धनी झाला. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा पायाच हा आहे, आणि रघूजींच्या पणतूला तो पाठ असायला हवा होता.

दुसऱ्या रघूजींना तो पाठ होता, असे मला वाटते. अप्पासाहेबांचे हे काका शिंद्यांबरोबर १८०३ मध्ये असईला हरले, २९ नोव्हेंबरला आडगावला हरले, पंधरवड्यात गाविलगडही गेला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड सोडला. राज्याचा मोठा लचका तुटला. पण कंपनीची तैनाती फौज नागपुरात ठेवून घ्यायला ते कधीही कबूल झाले नाहीत. १८०९ मध्ये पठाण सरदार अमीरखान चालून आला तेव्हा इंग्रजांनी न मागता मदत पाठवली. पेंढारी मुलूख लुटत होते, तिजोरी आटली होती, रेसिडेंट पुन्हा पुन्हा तोच विषय काढत होता. तरी २२ मार्च १८१६ रोजी डोळे मिटेपर्यंत रघूजींचा नकार कायम राहिला. त्यांच्या कारभारावर, विशेषतः शेवटच्या वर्षांत रयतेकडून केलेल्या वसुलीवर, कठोर टीका करता येते आणि ती झालीही आहे. परंतु दार कोणासाठी उघडायचे नाही, हे त्यांना कळत होते.

त्यांच्यामागे राहिला मुलगा परसोजी, शरीराने व बुद्धीने अधू. राज्य कोणी तरी चालवायचे होते. एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई, धर्माजी भोसले आणि त्यांची माणसे. दुसऱ्या बाजूला व्यंकोजींचा मुलगा मुधोजी, म्हणजेच विशीतले अप्पासाहेब. हा तरुण बुद्धिमान होता, धाडसी होता, आणि रक्ताच्या नात्याने त्याचा दावाही भक्कम होता. धर्माजीला कैद करून नंतर मारण्यात आले आणि मुखत्यारी अप्पासाहेबांकडे आली. मात्र ती टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्सशी गुप्त बोलणी लावली. २७ मे १८१६ च्या रात्री तह झाला. काकांनी तेरा वर्षे जे नाकारले ते पुतण्याने दोन महिन्यांत दिले: कंपनीच्या सहा पलटणी पायदळ आणि एक घोडदळ, वर्षाला साडेसात लाखांचा खर्च, आणि परराज्यांशी स्वतंत्र व्यवहार बंद.

याला एक उत्तर दिले जाते. बाकाबाईंचा पक्षही जेनकिन्सची मर्जी राखत होताच. अप्पासाहेबांनी तह केला नसता तर दुसऱ्यांनी केला असता. हे नाकारता येत नाही. सबंध मराठेशाही तेव्हा त्याच उतारावर होती. १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला, १८०२ मध्ये त्यांच्या मुलाने वसईला हेच केले होते. पण दुसराही हेच करणार होता म्हणून करणाऱ्याचा दोष हलका होत नाही. शिवाय अप्पासाहेबांसमोर सुरत आणि वसई दोन्हींचे परिणाम मांडलेले होते. राघोबांना ती सोय नव्हती.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी अप्पासाहेब चांद्याला असताना परसोजी अंथरुणात मेलेले आढळले. त्यांना गळा दाबून मारले आणि हुकूम अप्पासाहेबांचा होता, असा ठपका इंग्रजांनी पुढे ठेवला. इथे तारखा महत्त्वाच्या आहेत. मृत्यूनंतर कंपनीने अप्पासाहेबांना राजा म्हणून मान्य केले. खुनाचा आरोप वर्षभराने, त्यांना गादीवरून उतरवायचे ठरल्यावर पुढे आला. मी अप्पासाहेबांना निर्दोष ठरवत नाही. या मृत्यूचा लाभ त्यांनाच झाला. पण ज्याच्या आधाराने तुम्ही चढता त्याच्या हाती तुमचे पाप पुराव्यासारखे जपलेले असते, आणि ते केव्हा बाहेर काढायचे हे तो ठरवतो. महत्त्वाकांक्षी माणसाला ही गोष्ट गादीवर बसल्यावर कळते.

अप्पासाहेबांना ती कळली. फौजेचा खर्च डोईजड झाला, प्रत्येक निर्णयात रेसिडेन्सी डोकावू लागली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बाजीराव पेशव्यांनी खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. २४ नोव्हेंबरला सक्करदऱ्याला भर दरबारात अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे आणि सेनासाहेबसुभा हा किताब स्वीकारला. खडकीला हरलेल्या पेशव्याचा किताब, इंग्रज फौज उशाशी असताना. यामागे स्वाभिमान होता यात मला शंका नाही. पण तो जागा झाला तेव्हा शत्रू घरात मुक्काम करून होता.

२६ च्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळीबार सुरू झाला. लेफ्टनंट कर्नल स्कॉटकडे चौदाशेच्या आसपास माणसे, भोसल्यांकडे अठरा हजारांच्या घरात, त्यात कडवे अरब. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. अरबांनी लहान टेकडी काबीज केली, तोफा मोठ्या टेकडीकडे वळवल्या, इंग्रजांची फळी मोडायला आली. त्या क्षणी कॅप्टन फिट्झगेराल्डने घोडदळ घेऊन मैदानातल्या भोसल्यांच्या फौजेवर झेप घेतली आणि पारडे फिरले. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून ३६७, म्हणजे चारांत एक. अरब शिपायांच्या शौर्याबद्दल दुमत होऊ नये. दुमत आहे ते त्यांच्या धन्याबद्दल. लढाई फसताच अप्पासाहेबांच्या वकिलांनी रेसिडेंटला कळवले की फौज हुकुमाशिवाय लढली.

इथे मला दुसरा एक महत्त्वाकांक्षी आठवतो. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या शेजारी बरगंडीचा ड्यूक शार्ल होता. त्यालाही ड्यूकपद पुरेना, राजमुकुट हवा होता. फ्रान्सच्या अकराव्या लुईने पैसा आणि मुत्सद्देगिरी वापरून त्याच्या वैऱ्यांना बळ दिले, आणि ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीच्या रणात शार्ल मारला गेला. दोन दिवसांनी प्रेत सापडले. त्याच्या हट्टाने राज्य बुडाले, म्हणून मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण आपल्या नावाने मरणाऱ्यांना त्याने नाकारले नाही. सीताबर्डीच्या दुसऱ्या दिवशीचा तो निरोप मला पराभवापेक्षा अधिक लागतो.

पुढचे भराभर घडले. जनरल डव्हटन फौज घेऊन आला, १६ डिसेंबरला अप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. शहरातले अरब मात्र महिनाअखेरपर्यंत लढत राहिले. जानेवारी १८१८ च्या तहाने नर्मदेकाठचा मुलूख गेला आणि कारभार रेसिडेंटच्या हाती आला. १५ मार्चला किल्लेदारांना व गोंडांना चिथावल्याच्या आरोपावरून अप्पासाहेबांना अटक झाली. प्रयागकडे नेत असताना जबलपूरच्या वाटेवर १३ मेच्या रात्री ते पहाऱ्यातून निसटले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत उजळ भाग इथून सुरू होतो, आणि त्याचे श्रेय त्यांच्यापेक्षा इतरांना जास्त आहे. महादेवाच्या डोंगरात त्यांना आसरा दिला गोंडांनी. ज्यांचे देवगड याच घराण्याने गिळले, त्यांच्या भाईबंदांनी या पळत्या राजासाठी इंग्रजांची फौज अंगावर घेतली.

आपल्या भंडारा जिल्ह्यातही हेच झाले. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होता. तिथली जमीनदारी एका कुणबी घराण्याकडे होती आणि जमीनदार होते चिमणा पटेल. राजा पदच्युत, राजधानी इंग्रजांच्या हाती, आणि २६ जून १८१८ ला नवे बाल राजे गादीवर बसलेले. शहाण्या माणसाने नव्या सत्तेला मुजरा करून वतन राखले असते. चिमणा पटेलांनी अप्पासाहेबांच्या नावाने बंड उभारले. कॅप्टन गॉर्डनची तुकडी चालून गेली, सप्टेंबर १८१८ मध्ये कामठा पडले, पटेल पकडले गेले आणि जमीनदारी त्यांच्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला दिली गेली.

गादीसाठी तह करणाऱ्याची गादी गेली, हे न्यायाला धरून झाले म्हणता येईल. त्या तहात ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांचे घरदार गेले, याला कोणता न्याय म्हणायचे? महत्त्वाकांक्षेचा इतिहास लिहिताना आपण राजवाड्यातल्या जमाखर्चावर थांबतो. चिमणा पटेलांचे खाते त्यात येत नाही.

अप्पासाहेब अशीरगडमार्गे उत्तरेत गेले, लाहोरला रणजितसिंहांकडे राहिले, शेवटी जोधपूरच्या मानसिंहांनी इंग्रजांच्या मागणीला न जुमानता त्यांना आश्रय दिला. १८४० मध्ये तिथेच ते वारले. मागे नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी होते. ११ डिसेंबर १८५३ ला ते निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. पहिल्या रघूजींनी देवगडच्या राजाला पदवी आणि नेमणूक देऊन बसवले होते. भोसल्यांच्या वंशजांच्या वाट्यालाही तेवढेच आले.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. भंडारा आणि गोंदियाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ती लढाई शिकवाल त्या तासाला कामठ्याचे नाव फळ्यावर लिहा, चिमणा पटेल कोण होते ते मुलांना सांगा, आणि त्यांच्या बंडाविषयी गावागावांत जे अजून बोलले जाते ते जाणत्या माणसांकडून उतरवून घ्या.