साधं चालेल ना?

मे महिन्यातली दुपार. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि मी चौथ्या मजल्यावर राहतो. पार्सल घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजलेली होती. ओटीपी सांगून झाला, तो वळला, पुन्हा थांबला आणि म्हणाला, "सर, पाणी मिळेल का?"

मी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात सहा बाटल्या ओळीने होत्या. दोन लिंबू-पुदिना, दोन कलिंगड, दोन पीच. सगळ्या थंडगार. माझा हात एका बाटलीकडे गेला आणि थांबला. अर्ध्या लिटरचे साठ रुपये, हा आकडा डोक्यात येऊन गेला. मी फ्रिज बंद केला, ग्लास घेतला, फिल्टरचा नळ सोडला आणि ग्लास त्याच्या हातात देताना विचारलं, "साधं चालेल ना?"

त्याला प्रश्न कळला नसावा. "हो सर, पाणीच पाहिजे," तो म्हणाला. दोन ग्लास प्यायला, थँक्यू म्हणाला आणि जिना उतरून गेला.

काहीच वाईट घडलं नव्हतं. तहानलेल्याला पाणी मिळालं होतं. तरी माझा तो प्रश्न मला त्या दिवसापासून टोचतोय. 'साधं' हा शब्द मी कुणासाठी वापरला? पाण्यासाठी, की त्याच्यासाठी?

*

आधी माझी बाजू मांडतो. फ्लेवर्ड पाणी म्हणजे निव्वळ श्रीमंती चोचले, असं मला वाटत नाही. मी दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर बसतो. दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला. ज्याला झालाय त्याला ती रात्र कशी असते ते सांगायला नको. डॉक्टरांनी औषधांपेक्षा जास्त वेळ एकच गोष्ट बजावली: पाणी प्या. पण साधं पाणी मला आठवणीने प्यावं लागायचं, आणि आठवण यायची नाही. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कलिंगडाच्या वासाची बाटली हातात दिली. ती बाटली मी आठवण न करता संपवली. कोल्ड्रिंक सुटलं, पाणी वाढलं. हे खरं आहे आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

बाटली निवडायची कशी, हेही हळूहळू शिकलो. समोरच्या बाजूला फळांचे फोटो असतात, पण खरी गोष्ट मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेली असते. साखर बहुतेकदा १०० मिलिलिटरला किती ते सांगितलेलं असतं आणि बाटली असते ५०० ची, म्हणजे आकडा पाचाने गुणायचा. ३३० हा क्रमांक दिसला तर सायट्रिक आम्ल, ९५५ दिसला तर सुक्रालोज. साखरेऐवजी अशा गोड पदार्थांचा वापर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलंय. आणि आम्ल असलेलं पाणी दिवसभर घोट-घोट पीत बसलं तर दातांच्या वरच्या थराची झीज होते. म्हणजे मी जे करत होतो नेमकं तेच. जेवणाबरोबर प्यावं आणि एरवी साधं, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

कर खात्याने तर हा प्रश्न एका फटक्यात सोडवलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीबंद साध्या पाण्यावर जीएसटी ५ टक्के आहे. त्याच पाण्यात साखर, गोडवा किंवा नुसता स्वाद घातला की ४० टक्के. सरकारी कागदावर लिंबाचा वास लागल्याक्षणी पाणी ही गरज उरत नाही, चैन होते.

पण गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते, हे खरंच इतकं सोपं आहे का?

*

पाण्याला चव नसते, असं आपण शाळेत पाठ केलं. आपल्याकडच्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. न्याय-वैशेषिक दर्शनात पाण्याला चव आहे आणि ती गोड आहे. मग ती जाणवत का नाही? त्यांचं उत्तर: हिरडा खा आणि मग पाणी प्या. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत आहे. यावर समोरचा विचारतो, तो गोडवा हिरड्यातच पाण्यामुळे तयार झाला नाही कशावरून? उत्तर येतं: तसं मानायला जास्तीच्या कल्पना कराव्या लागतात. हे वाचलं तेव्हा मला कोड रिव्ह्यू आठवला. कमी ओळींत काम होत असेल तर जास्त लिहू नका.

त्यांचं दुसरं म्हणणं अजून मजेशीर आहे. गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. पाण्याला वास येत असेल तर तो पाण्याचा नाही, त्यात मिसळलेल्या पृथ्वीच्या अंशाचा. आता आपल्या कलिंगडाच्या बाटलीकडे बघा. नाक चिमटीत धरून ती प्या. कलिंगड गायब होतं; थोडं आंबट-गोड उरतं, तेवढंच. ज्याला आपण स्वाद म्हणतो त्यातलं बरंचसं काम नाक करत असतं. जर्मनीतल्या एअर अप या कंपनीने तर यावरच बाटली बनवली आहे. आत साधं पाणी, तोंडाशी वासाची एक कडी. पाण्यात काहीही मिसळत नाही आणि मेंदू म्हणतो, लिंबू.

म्हणजे मी साठ रुपये देतो ते मुख्यतः एका वासाचे. त्यातही गैर काही नाही. अत्तराला आपण देतोच की. प्रश्न वेगळा आहे. पाण्याला वास लावायला आपण बाटलीच्या फार आधी शिकलोय. माझ्या घरात तो वाळ्याचा होता.

*

आजीचं गाव लातूर जिल्ह्यात. होळी झाली की तिचा माठ ओसरीवर यायचा. तळाशी वाळू, वाळूत माठ, माठाला ओलं फडकं, आणि पाण्यात वाळ्याची जुडी. वाळा म्हणजे गवताची मुळं. ते पाणी प्यायलं की पहिल्या पावसातली माती घशातून उतरल्यासारखं वाटायचं. नैयायिकांना माझी आजी आवडली असती; पृथ्वीचा अंश तिने मोजून पाण्यात टाकला होता.

आणि ते पाणी सगळ्यांसाठी होतं. पोस्टमन, कासार, शेतावरचे गडी, रस्ता विचारायला थांबलेला कुणीही. आजी आधी तांब्या पुढे करायची, मग "कुठून आलाव?" म्हणायची. "पाणी इचारून देत न्हाईत रे," हे तिने मला कितीदा तरी सांगितलंय. वाळ्याचं वेगळं आणि साधं वेगळं, असे दोन माठ आमच्याकडे नव्हते.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख छान झाला असता. आजीचा माठ चांगला, माझा फ्रिज वाईट. पण मला अजून एक गोष्ट आठवते. ओसरीच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला एक कोनाडा होता आणि त्यात एक जर्मनचा पेला पालथा घातलेला असायचा. काही माणसं आली की आजी तांब्या त्यांच्या हातात द्यायची नाही. ती माणसं स्वतःच कोनाड्यातला पेला काढायची, आजी वरून पाणी ओतायची, आणि पिऊन झाल्यावर ती पेला धुऊन परत पालथा घालायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, तो त्यांचा आवडता पेला आहे.

पाणी तेच, वाळा तोच, प्रेमळ चेहराही तोच. फक्त पेला वेगळा.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या काठाशी उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले, ते तहान लागली होती म्हणून नव्हे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेने त्यानंतर तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर पाणी सगळ्यांचं होतं. काठावर नव्हतं. सत्याग्रहानंतर ते तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात पंचगव्य ओतलं गेलं आणि खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. पाण्यात काय मिसळायचं हा प्रश्न आपल्याकडे कधीच नुसता चवीचा नव्हता. आणि त्या तळ्याचं नावच चवदार असावं, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

आजीने पाणी विचारून दिलं नाही, पण पेला वेगळा ठेवला. मी पेला तोच दिला, पण पाणी वेगळं ठेवलं आणि वर विचारलं. दोन पिढ्यांत आम्ही नेमकं किती अंतर कापलं?

*

इथे मीच माझ्याशी भांडतो. अरे, जात आणि साठ रुपयांची बाटली यांची तुलना होऊ शकते का? तो पेला माणसाला जन्मावरून बाहेर ठेवत होता. बाटली मी माझ्या पगारातून घेतली होती. तो मुलगा पाणी मागत होता, कलिंगड नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला बाटली वाटत बसलो तर महिन्याचं बजेट कोसळेल. आणि फिल्टरचं पाणी काय वाईट असतं? उलट ते दाताला बरं.

हे सगळं बरोबर आहे. तुलना बरोबरीची नाही, आणि त्या अपमानाचं वजन मी माझ्या छोट्या संकोचावर टाकू नये. त्याला बाटली देणं माझं कर्तव्य होतं, असंही मी म्हणत नाही. माझी चूक बाटली न देण्यात नव्हती. ती त्या प्रश्नात होती. रोज मी स्वतः फिल्टरचं पाणी पितो तेव्हा त्याला 'साधं' म्हणत नाही, नुसतं पाणी म्हणतो. तो दारात आला आणि तेच पाणी माझ्या तोंडून कमी प्रतीचं झालं. मी त्याला जे दिलं ते आधी मनात खाली उतरवलं आणि मग दिलं.

बाजार हेच करतो, फार गोड पद्धतीने. हॉटेलात बसल्या बसल्या वेटर विचारतो, "साधं की बिसलेरी?" पाण्याच्या पायऱ्या लावल्या जातात आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत ते आपण मोठ्याने सांगतो. वरच्या पायरीवर एकदा गेलं की खालचं पाणी कुठून येतं, कसं येतं, याची काळजी आपोआप कमी होते.

मला ती काळजी माहीत आहे, कारण मी बारावीला लातूरला होतो. २०१६ चा उन्हाळा. सीईटीचा अभ्यास चालू आणि शहरात पाणी नाही. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. मेसच्या काकूंनी स्टीलची ताटं बंद करून पत्रावळी आणल्या, कारण ताटं धुवायला पाणी नव्हतं. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या पाण्याला चव कशी आहे, हे आम्ही कुणी विचारलं नाही. आमच्या दृष्टीने तेव्हा सगळं पाणी चवदार होतं. हिरडा खाल्ल्यावर पाण्याचा गोडवा कळतो असं नैयायिक म्हणतात. लातूरचा उन्हाळा हा आमचा हिरडा होता. दहा वर्षांत मी त्याची चव विसरलो.

*

त्या दुपारनंतर मी कुंभारवाड्यातून एक माठ आणला आणि वाळ्याची जुडी टाकली. फ्रिजमधल्या बाटल्या अजून आहेत, खोटं कशाला बोलू. फक्त सहाच्या दोन झाल्यात. दारात कुणी पाणी मागितलं की माठातलं देतो आणि काही विचारत नाही. तेच पाणी मीही पितो, त्याच ग्लासने.

पण माठ आणून माझं समाधान झालं असतं तर ते फारच स्वस्तात झालं असतं. एकदा खाली गेलो असताना वॉचमन काकांना बाटली भरताना पाहिलं. ते गाड्या धुवायच्या नळावर भरत होते. तो नळ बोअरचा आहे. आमच्या सोसायटीत घराघरांत फिल्टर आहेत, क्लबहाउसमध्ये कूलर आहे आणि फाटकावरच्या केबिनमध्ये काहीच नाही. मी चार वर्षं त्या केबिनसमोरून जातोय.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. केबिनपर्यंत एक पाइप आणि एक फिल्टर, खर्च फार नव्हता. कुणी चिडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एक सदस्य अगदी सहज म्हणाले, "त्यांना सवय असते हो. साधं चालतं त्यांना."

मी मान वर करून पाहिलं. माझंच वाक्य होतं.

विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय. तोवर रोज सकाळी माठातल्या पाण्याची एक मोठी बाटली मी खाली नेऊन देतो. काकांनी पहिल्या दिवशी एक घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, "वाळा टाकलाय का?" त्यांच्या आईकडेही असायचा म्हणे. त्यांच्या गावी कोनाड्यात पेला होता का, आणि तो कुणासाठी होता, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.