प्रलय आला तर हातात काय घ्याल?



आमच्या नातवाला जगबुडीचे सिनेमे फार आवडतात. २००९ साली आलेला '२०१२' त्याने टीव्हीवर कितीदा पाहिला, गणती नाही. परवा 'कल्कि २८९८ एडी' पाहून मला विचारतो, "आजोबा, तेव्हा खरंच जग संपणार का?"

जन्मभर बँकेत कारकुनी केलेली, त्यामुळे मी आधी हिशेब मांडला. पुराणांप्रमाणे कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्यातली जेमतेम ५,१०० सरली. म्हणजे सिनेमावाल्यांनी ठेव मुदतीआधीच मोडली!

नातू हसला. मी मात्र मनातून ओशाळलो, कारण मला १ फेब्रुवारी २०१९ आठवली.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरत होती. भर थंडीत लोक तंबूत, नाहीतर अंगणात निजत. त्या दिवशी एकामागून एक धक्के आले. मोठा धक्का ४.१ रिश्टरचा. मांडणीवरची भांडी वाजली आणि मी बाहेर पळालो. अंगणात येऊन पाहतो, तर हातात ठेवींच्या पावत्यांची फाईल! शेजारच्या ऐंशीच्या काकू घरातच राहिल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठवत नव्हतं. त्यांना उचलून आणलं ते समोरच्या वाडीत चिकू उतरवायला आलेल्या वारली पोराने. त्याचं स्वतःचं घर धुंदलवाडीकडे. ते उभं आहे की पडलं, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

'२०१२' मध्ये माणशी शंभर कोटी युरो मोजणाऱ्यांना बोटीत जागा मिळते. मी तरी वेगळं काय केलं? भागवतातल्या मत्स्यावताराच्या कथेत राजा सत्यव्रत नावेत बियाणं, वनस्पती आणि सप्तर्षींना घेतो. पुढच्यांना लागेल ते.

कुणी म्हणेल, जिवाच्या भीतीने धावणाऱ्याला काय दोष द्यायचा? खरंय, भीती वाटणं पाप नाही. पण सिनेमातला प्रलय खुर्चीत बसून पाहायचा असतो, करायचं काहीच नसतं. त्याने नुसतं पाहत राहायची सवय लागते. आपल्या शास्त्राने मात्र नित्य प्रलयही सांगितला आहे. रोज कुणाचं तरी काहीतरी संपतच असतं. ज्याचं संपतं त्याच्यापाशी आपण जातो का, एवढाच प्रश्न.

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये पहिली गुरू पृथ्वी. तिच्याकडून सहनशीलता आणि दुसऱ्यासाठी जगणं शिकायचं. मला मात्र तिने गदागदा हलवून शिकवलं.

आता आमच्या दारामागच्या खिळ्याला काकूंच्या घराची दुसरी किल्ली टांगलेली असते. नातवाला म्हटलं, "जग कधी संपेल ते दत्तगुरूंना ठाऊक. आपण धक्का बसला की आधी ती किल्ली घ्यायची."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!